उजवा पुठ्ठा

१

मोठी संध्याकाळी सात वाजता कामावरून यायची. दार उघडून एक चप्पल काढते न काढते तोच आतल्या खोलीतून हाक यायची, "मोठी!" आणि दुसरी चप्पल काढता काढता ती म्हणायची, "ओ, बाबा." बाकी काही बोलणं नाही. तिचा ओ ऐकला की म्हातारा उशीला टेकून बसायचा आणि निवांत तिची वाट बघायचा.

घरात तिला मोठी म्हणत. धाकटा भाऊ नोकरीपायी लांबच्या देशात जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आईला जाऊनही आता नऊ वर्षं होत आली होती, म्हणजे मोठी म्हणायला घरात तिच्याहून लहान असं कुणी राहिलंच नव्हतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. वय एकोणपन्नास. लग्न का केलं नाहीस, हे विचारणारेसुद्धा आता विचारून विचारून थकले होते.

बाबा बुकबाइंडर. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची पुस्तकं शिवली, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले तेव्हा म्हणाले, हातात पुस्तकं होती तेव्हा वाचायला फुरसत नव्हती, आता फुरसत आहे तर ही गंमत. मग मोठीनं वाचून दाखवायचं ठरलं. पाच वर्षांत त्या दोघांनी कपाटातली खालची अख्खी रांग संपवली होती.

त्यांची वाचायची रीत मात्र जगावेगळी. बाबा पलंगावर बसायचे, त्यांच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून मोठी बसायची, आणि पुस्तक दोघांच्या मध्ये. डावा पुठ्ठा बाबांच्या तळहातावर, उजवा पुठ्ठा मोठीच्या गुडघ्यावर. वाचून झालेली पानं बाबांच्या बाजूला पडत जायची. पुस्तक सुरू होताना त्यांच्या हातावर नुसता पुठ्ठा असायचा, आणि संपता संपता सगळं वजन त्यांच्याकडे आलेलं असायचं. किती वाचलं, किती राहिलं, हे त्यांना सांगावं लागत नसे, हाताला कळायचं. रोज एक फर्मा, म्हणजे सोळा पानं. फर्म्याच्या मधोमध शिवणीचा दोरा असतो, तो बोटानं चाचपून ते म्हणायचे, अर्धं झालं, पाणी पी. सोळावं पान उलटलं की फीत घालायची आणि पुस्तक मिटायचं. आणि अख्खं पुस्तक संपलं, की उजवा पुठ्ठा मोठीनं स्वतःच्या हातानं बाबांच्या हातावर मिटवायचा. मग बाबा तिचा हात दाबून म्हणायचे, "झालं बाई एक पुस्तक. दमलीस?"

ती "नाही, बाबा" म्हणायची. पूर्वी ते खरंही असायचं.

२

हल्ली ते खरं नव्हतं.

मोठीचं काम बोलण्याचं, पण तोंड न उघडता. एका कंपनीच्या मदतकक्षात बसून ती तक्रार करणाऱ्या माणसांशी टाइप करून बोलायची, एका वेळी सहा जणांशी. तेही आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. समोरच्यानं काही लिहिलं की पडद्यावर तीन उत्तरं तयार यायची, त्यातलं एक निवडायचं. 'तुमची अडचण मी समजू शकते' हे वाक्य ती दिवसातून दीडशे वेळा पाठवायची, आणि कुणाची काय अडचण होती हे संध्याकाळी विचाराल तर शपथ. चाळीस माणसांच्या त्या हॉलमध्ये फक्त पंख्यांचा आणि टकटक बोटांचा आवाज. शेजारच्या टेबलावरची बाई हातभर अंतरावर बसून वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा टाइप करून पाठवायची.

त्यामुळे झालं काय, की घरी येऊन पुस्तक उघडलं तरी डोळे ओळीवर ठरेनात. पहिली ओळ नीट जायची, दुसरीच्या मध्यावर नजर घसरून पार पानाच्या तळाला. शब्द सगळे दिसायचे, पण हाती काही लागायचं नाही. मग मोठी मधले परिच्छेद गाळायला लागली. बाबांना काय कळणार, असं तिला वाटलं. एका संध्याकाळी त्यांनी पानावर हात ठेवला.

"हे पान लवकर उलटलं," ते म्हणाले.

मोठी म्हणाली, पान लहान होतं.

"पानं लहानमोठी नसतात, बाई. कंटाळा आला असेल तर तसं सांग. फसवू नकोस."

मोठीला रडूच आलं. तिला फसवायचं नव्हतं, पण होत नव्हतं हेही खरं. रात्री तिनं ते सगळं धाकट्याला लिहून पाठवलं. फोन उचलला असता तर तोंडानं सांगितलं असतं, पण तो कायम मीटिंगमध्ये. आठवड्याभरात घरी एक खोकं आलं. आत मुठीएवढी काळी डबी. पुस्तकाच्या पानांचे फोटो दिले की ही डबी वाचून दाखवते, आणि तेही कुणा परक्याच्या आवाजात नाही, तुझ्याच आवाजात, असं धाकट्यानं कौतुकानं लिहिलं होतं. त्यासाठी तिच्या वाचनाचं सहा दिवसांचं रेकॉर्डिंग तेवढं हवं होतं.

रेकॉर्डिंगसाठी एकटीनं शांत खोलीत बसावं, असं सूचनांच्या कागदावर ठळक छापलं होतं. पण वेगळं बसायचं त्राण आणायचं कुठून? तिनं फोन खुर्चीखाली ठेवला आणि सहा दिवस नेहमीसारखं बाबांना वाचून दाखवलं. म्हणजे वाचन त्यात आलंच, पण बाकीचंही सगळं आलं. पाणी देऊ का, पाय झाका, खिडकी लावू का, गोळी घेतलीत ना, आणि हाकेला दिलेला ओ. ते काही तिनं वगळलं नाही. जसंच्या तसं उचलून धाकट्याकडे पाठवलं आणि मोकळी झाली.

३

त्या वेळी चाललेलं पुस्तक म्हणजे चौतीस फर्म्यांचं बाड होतं. दीपगृहाची राखण करणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट. हिरव्या कापडाची बांधणी बाबांनी स्वतः केलेली, डोळे शाबूत असताना. त्यातले पंधरा फर्मे मोठीनं वाचले होते. पुढच्या पानांचे फोटो तिनं एका रविवारी काढायला घेतले, पण पंचविसाव्या फर्म्यापर्यंत आली आणि पुस्तक सपाट उघडेना. तिनं जोर दिला, पुस्तकाच्या पाठीत कर्रकन वाजलं, आणि आतून बाबा ओरडले, शिवण जाईल. पुढचे फोटो नंतर सवडीनं काढू, असं म्हणून तिनं पंचविसाव्यावरच काम थांबवलं आणि झालेले फोटो धाकट्याकडे पाठवले. पंधराव्या फर्म्याशी फीत होती ती तशीच ठेवून पुस्तक कपाटात गेलं.

बुधवारी संध्याकाळी डबी सुरू झाली. मोठीनं ती स्वतःच्या खुर्चीवर ठेवली, वायर भिंतीत खोचली, आणि बाजूला उभी राहिली. डबीतून तिचाच आवाज आला, खाकरला, आणि सोळावा फर्मा वाचायला लागला. थकवा नाही, अडखळणं नाही. पाच वर्षांपूर्वी ती वाचायची तशी.

बाबांनी सवयीनं उजवा तळहात पुढे करून ठेवला होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, हातावर काही नाहीये. मोठी म्हणाली, होईल सवय. तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

चारपाच दिवसांत घराला चांगलंच वळण लागलं. मोठी सात वाजता येई, डबी सुरू करून स्वयंपाकघरात जाऊन बसे, आणि अंगठ्यानं फोनचा पडदा वर ढकलत राही. आत तिचा आवाज वाचत असे. मधेच आवाज म्हणे, "पाय झाका, बाबा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मोठीला हसू आलं. आपणच दिलेलं आपल्याला परत मिळतंय, यात नवल ते काय! धाकट्यालाही तिनं ते लिहिलं, आणि धाकट्यानं एक हसरा चेहरा पाठवला.

नवव्या की दहाव्या दिवशी बाबा आत काहीतरी हळू आवाजात म्हणाले. काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. वाचणं थांबलं, आणि मग डबीतला तिचा आवाज हसला. छान, मोकळं, पोटातून हसला. मोठीचा अंगठा पडद्यावर थांबला. रेकॉर्डिंगच्या त्या सहा दिवसांत ती एकदाही हसली नव्हती.

पुस्तकातलं कुणी हसलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मशिनं हल्ली काय काय करतात. आणि शिवाय उठून बघायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

४

दिवसभर बाबांजवळ एक मावशी असायच्या. सातला मोठी आली की त्या पदर खोचून निघायच्या, दोघींचं बोलणं दारातल्या दारात. पुढच्या बुधवारी त्या निघता निघता थांबल्या.

"ताई, तुम्ही दुपारी लवकर येऊन गेलात का हो?"

मोठी म्हणाली, नाही बा.

"मला वाटलं तुम्हीच. मी मागं कपडे वाळत घालत होते, तर आत तुम्ही दोघं बोलत होता. मी म्हटलं, बाप-लेकीचं चाललंय, कशाला मधे जा."

डबी बाबांनीच सुरू केली असेल, मोठी म्हणाली. मावशी म्हणाल्या, असेल बाई, आणि गेल्या. मोठी दाराशीच उभी राहिली. एक चप्पल पायात, एक बाहेर. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला आतून हाक आलेली नाही. आज नाही, काल नाही, परवाही नाही. शेवटची हाक कधी आली होती, हे काही केल्या आठवेना. ओ द्यायचं आपण कधी थांबवलं, तेही आठवेना.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात फोन न घेता बसली आणि ऐकत राहिली. आत गोष्ट पुढे चालली होती. दीपगृहवाल्याचा मुलगा होडी घेऊन निघाला होता आणि वादळाची चिन्हं होती. मोठी बोटांवर दिवस मोजायला लागली. बुधवारी सोळावा. मग रोज एक. दहा दिवसांत पंचविसावा, तो गेल्या शुक्रवारी संपला. आज पुढचा बुधवार, म्हणजे तिसावा.

सव्वीसपासून पुढचे फोटो तिनं काढलेच नव्हते.

तिनं पुन्हा मोजलं. उलटं मोजलं. मग म्हणाली, धाकट्यानं कुठून तरी आणून घातलं असेल, त्याला काय, तिकडे सगळं मिळतं. हे पटलं, आणि पटल्यावर जरा बरं वाटलं. तरी वाचन संपल्यावर ती आत गेली, झोपलेल्या बाबांच्या अंगावरून हात लांबवून कपाट उघडलं, आणि हिरवं पुस्तक बाहेर काढलं. फीत तिसाव्या फर्म्याच्या शेवटी होती.

मोठीनं ती काढून परत पंधराव्याशी घातली. ती हलू नये म्हणून पुस्तकावर दोन जाड शब्दकोश ठेवले आणि कपाटाला किल्ली लावली. किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली पर्समध्येच होती, शब्दकोश जागच्या जागी होते, आणि फीत एकतिसाव्याच्या शेवटी होती. मावशींना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि पुस्तकांना हात लावायची त्यांना भीती वाटायची.

५

शुक्रवारी मोठीनं धाकट्याला फोन लावला. पाच वेळा. सहाव्या वेळी त्याचा निरोप आला की मीटिंगमध्ये आहे, इथेच लिही ना. तिनं लिहिलं, सव्वीसपासूनची पानं तू घातलीस का? बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली. मग उत्तर आलं, 'नाही गं. माझ्याकडे पंचवीसपर्यंतच आहे. त्यापुढे डबी वाचणारच नाही.' आणि खाली एक अंगठा.

फोननं तिच्यासाठी तीन उत्तरं तयार ठेवली होती. 'बरं.' 'ठीक आहे.' 'काळजी घे.' मोठी त्यांच्याकडे बघत बसली. तिला लिहायचं होतं की मला भीती वाटतेय, तू ये. ते तीनमध्ये नव्हतं. तिनं 'ठीक आहे' दाबलं.

शनिवारी संध्याकाळी ती घरी आली, मावशी गेल्या, आणि तिनं पहिलं काम केलं ते डबीची वायर भिंतीतून उपटायचं. वायर डबीभोवती गुंडाळली, डबी स्वयंपाकघरातल्या खणात, चाकू-चमच्यांच्या मागे कोंबली. मग आत येऊन रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, बाबा, उद्या सुट्टी आहे, उद्यापासून मीच वाचीन.

बाबांनी चेहरा तिच्याकडे केला. पण तिच्याकडे म्हणजे ती होती तिथे नाही. जरा खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे करावा तसा.

"तूच तर वाचतेस," ते म्हणाले. "कशी गं अशी बोलतेस?"

मोठीनं त्यांची उशी सारखी केली. त्यांच्याजवळ बसावं, सगळं सांगावं, असं तिच्या फार मनात आलं. पण सांगायचं काय, आणि सुरुवात कुठून करायची? उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचून दाखवू, म्हणजे आपोआप सगळं जागेवर येईल, असं ठरवून ती जाऊन पडली आणि लगेच झोपलीसुद्धा.

६

रविवारी सकाळी ती खाली जाऊन दूध घेऊन आली. एक चप्पल काढली, आणि दुसरी काढायची राहून गेली. आतल्या खोलीत तिचा आवाज वाचत होता.

ती आधी स्वयंपाकघरात गेली. खण उघडला. डबी चमच्यांच्या मागे होती तशी होती, वायर गुंडाळलेली. तिनं ती हातात घेतली, थंडगार लागली. वेड्यासारखी कानाला लावून पाहिली. आत काही नव्हतं. शेजाऱ्यांचा रेडिओ असेल, असं मनाशी म्हणत ती पॅसेजमधून गेली, आणि आतल्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं तिथून तिनं बघितलं.

खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. बाबा बसले होते, दाढी केलेली नाही, मान जरा कललेली. उजवा तळहात पुढे, त्यावर हिरव्या पुस्तकाचा डावा पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्यावर जवळजवळ सगळं पुस्तक. वजनानं त्यांचा हात गादीला टेकला होता. काढलं वाटतं म्हाताऱ्यानं चाचपडत, असं तिच्या मनात आलं, आणि किल्ली आपल्या पर्समध्ये आहे हे आठवायच्या आत तिची नजर उजव्या पुठ्ठ्याकडे गेली.

उजवा पुठ्ठा खुर्चीवर होता. म्हणजे खुर्चीवर नव्हे. खुर्चीच्या वर, माणसाचा गुडघा येईल तेवढ्या उंचीवर, सरळ आडवा, न हलता. त्याच्या खाली खुर्चीची वेताची बैठक उन्हात दिसत होती, मधे काहीही नव्हतं. तिच्या देखत एक पान उचललं गेलं, घाई न करता उलटलं, आणि बाबांच्या बाजूला पडलं. बाबांच्या बोटांनी ते वजन घेतलं.

मोठी किंचाळली नाही. पहिलं तिच्या मनात आलं ते एवढंच, की पान किती छान उलटलं.

मग तिला दिसलं की उजव्या बाजूला एकच पान राहिलंय. ते उलटलं की पुठ्ठा मिटणार, आणि बाबा हात दाबणार. वाचणं तिनं आपण होऊन देऊन टाकलं होतं, आवाज दिला होता, खुर्ची दिली होती, ओसुद्धा दिला होता. पण तो हात तिनं कुणाला दिला नव्हता. तो तिचा होता. तिनं दार ढकललं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा," खुर्चीच्या वरून तिचाच आवाज म्हणाला. "शेवटचं पान राहिलंय."

"मी मोठी आहे, बाबा. मी. खुर्चीवर कोणी नाहीये."

बाबांचा चेहरा तिच्याकडे वळला. दुकानात कुणी अनोळखी गिऱ्हाईक फाटकं पुस्तक घेऊन आलं की ते असेच अदबीनं बघायचे. माणूस न्यायाचा होता, कुणाला उगाच खोटं पाडणारा नव्हता.

"मग हे शेवटचं पान तुम्ही वाचा," ते म्हणाले. "माझ्या मुलीचं वाचणं मला कळतं."

मोठीनं पुढे होऊन उजवा पुठ्ठा धरला. कुणीतरी नीट सांभाळून हातात द्यावा तसा तो तिच्या हातात आला. ती खुर्चीवर बसली. बैठक गरम होती.

बावीस ओळी होत्या, अक्षर ठसठशीत. पहिली ओळ तिनं मोठ्यानं वाचली, बरोबर वाचली. दुसरीला हात घातला आणि नजर घसरली ती थेट तळाला. तिनं ती ओढून परत वर आणली. पुन्हा घसरली. शब्द समोर होते, एकेक करून सगळे ओळखीचे, आणि त्यांचं मिळून काही होत नव्हतं. आईच्या आजारपणातसुद्धा तिला कधी एवढं असहाय वाटलं नव्हतं. आणि मग तिचा अंगठा, तिला न विचारता, पानावर टेकला आणि वर सरकला. कागद चुरगळला. बाबांच्या हातावरच्या पुठ्ठ्याला हिसका बसला.

"असं नाही करायचं," बाबा म्हणाले. रागावून नाही, समजावून. "पान वर ढकलत नाहीत. फाटतं. तुम्हाला सवय दिसत नाही, असू दे. बसा. ऐका. माझी मुलगी फार छान वाचते."

मग तो आवाज वाचू लागला. तिच्या कानाच्या अगदी मागून, तिच्या खांद्यावरून वाकून बघावं तितक्या जवळून. आणि भयंकर गोष्ट ही की मोठीला सगळं समजत होतं. ते बेट, तो विझलेला दिवा, परत न आलेली होडी, सगळं. कितीतरी महिन्यांनी तिला एक पान समजलं होतं. ती हलली नाही. पान संपू नये असं तिला वाटत होतं, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

पान संपलं. उजवा पुठ्ठा तिच्या गुडघ्यावरून उचलला गेला आणि बाबांच्या हातावर अलगद मिटला. तिनं हात पुढे केला, पण जरा उशीर झाला. बाबांचा डावा हात आला, तिच्या हातावरून पुढे गेला, तिच्यापासून चार बोटांवर थांबला, आणि तिथल्या हवेभोवती त्यांची बोटं मिटली. काहीतरी दाबलं जात होतं. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झालेली तिनं बघितली.

"झालं बाई एक पुस्तक," बाबा म्हणाले. "दमलीस?"

"नाही, बाबा," आवाज म्हणाला.

मोठी दमली होती. ती खुर्चीवरून उठली. दुसऱ्याच्या जागेवर चुकून बसल्यासारखं तिला ओशाळं वाटलं. जाता जाता तिनं खुर्ची पलंगाला नीट लावून दिली.

स्वयंपाकघरात येऊन तिनं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. एका पायात अजून चप्पल होती. उद्या रजा घ्यायची, ती मनाशी म्हणाली. डॉक्टरांना दाखवायचं, बाबांना आणि स्वतःलाही. धाकट्याला फोन करायचा आणि तो उचलेपर्यंत करत राहायचा. आणि झालं ते झालं, पण शेवटी बाबांना दूध लागणार, सकाळची गोळी लागणार. ते वाचून मिळत नाही. त्याला हात लागतात, माणूस लागतं. थोड्या वेळानं ते हाक मारणारच, आणि तेव्हा आपण ओ द्यायचा. तिनं घसा साफ केला. एकदा हळूच म्हणूनसुद्धा बघितलं.

"मोठी!" आतून बाबांनी हाक मारली.

तिनं तोंड उघडलं.

"ओ, बाबा," तिच्या पाठीमागून, अगदी ओट्याला लागून उत्तर गेलं, आणि पावलं आतल्या खोलीकडे निघाली. त्यातल्या एकाच पावलाला चपलेचा आवाज होता.

मोठीनं खाली आपल्या पायांकडे बघितलं नाही. दूध वर येत होतं. तिनं गॅस बारीक केला.